बंद रस्त्यानं तानसेन

आचोळ्याच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला तो आठवडाभर उचललाच नाही. जेवायला बसायचं म्हणजे आधी नेपाळ दुमडायचा, मग ताटं मांडायची. स्वातीच्या बाळंतपणाला मी जायचं हे कधीच ठरलं होतं. जायचं कसं, यावर घरात एकमत होत नव्हतं.

स्वाती आमची एकुलती मुलगी. पुण्यात शिकताना तिला प्रकाश भेटला. तो नेपाळचा, तिथे शेतकी शिकायला आलेला. लग्नानंतर दोघं त्याच्या गावी गेली. गावाचं नाव तानसेन. नाव सांगितलं की शाळेतल्या बाया हमखास विचारायच्या, "मग तिथे गाणं-बिणं असेल ना खूप?" गाण्याचं ठाऊक नाही, पण डोंगराच्या उतारावर वसलेलं, पाल्पा जिल्ह्याचं ते मुख्य गाव आहे. प्रकाश तिथल्या कॉलेजात शिकवतो. घरात त्याचे म्हातारे वडील, प्रकाश आणि स्वाती, एवढीच माणसं. सासू नाही. म्हणजे बाळंतिणीचं करायला माहेरचंच माणूस जायला हवं.

स्वातीच्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे त्यांना प्रवास बंद. बसल्या जागेवरून त्यांनी विमान ठरवून टाकलं. दिल्ली, तिथून काठमांडू. त्या वर्षांत नेपाळात बंडखोरी पेटलेली होती. पेपरात आज इथे स्फोट, उद्या तिथे संचारबंदी, असं काही ना काही असायचंच. त्यामुळे जमिनीवरचा रस्ता त्यांना नकोच होता.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे पट्टी हाताशी असतेच. ती नकाशावर ठेवून मी त्यांना दाखवलं. "हे बघा. काठमांडू इकडे, तानसेन तिकडे. विमान स्वातीला ओलांडून पुढे जाणार, आणि मग मी दिवसभर बसमध्ये बसून डोंगरातून मागे येणार. आणि हे गोरखपूर. इथपर्यंत रेल्वे. इथून सुनौलीची हद्द. हद्दीवरून सकाळी निघालं तर दुपारी जेवायला स्वातीकडे."

"नकाशावर सगळंच जवळ दिसतं," ते म्हणाले.

त्या दिवशी माझी मोठी जाऊ, यमुनाताई, गावाहून आल्या होत्या. आमचं मूळ गाव वसईच्या खाडीकाठचं. यमुनाताईंची तिथे भातशेती आहे, भाजीचा मळा आहे. मी शाळेत जायचे तेव्हा स्वाती त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. त्या टेबलाशी उभ्या राहून ऐकत होत्या. नकाशा त्यांना बघायचा नव्हता.

"सुमन, तू कशानं पन जा," त्या म्हणाल्या, "मी तुझ्याबरोबर येनार. आनि मी काय विमानात बसनार नाय. माझ्यासंगती बोंबलाची गोनी असंल. विमानात घेतील का?"

झालं. रेल्वे ठरली.

गोरखपूर ते सुनौली

दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी रजा काढली. बाळंतपणाला अजून महिना होता, म्हणून आम्ही निवांत होतो. सामान मात्र लग्नाचं असावं तसं. डिंकाचे लाडू, अळीव, घरचा ओवा, नंदाखालच्या मैत्रिणीनं केळीच्या पानात बांधून दिलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणि यमुनाताईंचे सुके बोंबील, तीन पिशव्या एकात एक घालून. तरीही गाडीत समोरच्या बाकावरचं कुटुंब दुसऱ्या दिवशी जागा बदलून गेलं. यमुनाताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. "पाय पसरायला झालं," म्हणाल्या.

गोरखपूरहून जीपनं सुनौलीला आलो तेव्हा दिवस कलला होता. दोन देशांची हद्द म्हणजे काहीतरी मोठं असणार अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती वसईच्या बाजाराच्या रस्त्यासारखी निघाली. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये कमान, कमानीखालून सायकली, शेळ्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया सरळ इकडून तिकडे. फक्त ट्रकांची रांग हलत नव्हती. ड्रायव्हर मंडळी चाकांच्या सावलीत पत्ते खेळत होती.

"पलीकडे बंद आहे," आमच्या लॉजचे मालक, तिवारी म्हणून एक वयस्क गृहस्थ, हिंदीत म्हणाले. "चक्का जाम. इंजिनाची एक गाडी रस्त्यावर येत नाही. कधी उघडेल ते पुकारणाऱ्यांनाच ठाऊक."

टेलिफोन बूथवरून मी तानसेनला फोन लावला. प्रकाश पुण्यात राहिल्यामुळे मराठी छान बोलतो, पण त्या दिवशी त्याचे शब्द अडखळत होते.

"आई, स्वातीला काल इस्पितळात ठेवलंय. ब्लडप्रेशर खूप वाढलंय. पायाला सूज आहे. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवसांतच बाळ काढावं लागेल. पण त्याआधी रक्ताची सोय करा, म्हणतात. तिचं निगेटिव्ह आहे ना. इथे कुणाचंच निगेटिव्ह नाही, आई. मी सगळ्या कॉलेजात विचारलं. बुटवललाही या गटाचं शिल्लक नाही, आणि बंदमुळे लांबून येत नाही."

स्वातीचा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. माझाही तोच.

"माझं आहे," मी म्हटलं. "मी येतेय."

"पण कशा येणार?"

"ते बघते. तू तिला सोडून हलू नकोस."

मग आचोळ्याला फोन. स्वातीचे बाबा सगळं ऐकून म्हणाले, "मागे फिर. गोरखपूरहून दिल्ली गाठ, तिथून विमान."

"आणि काठमांडूहून पुढे? रस्ते तिथलेही बंदच आहेत. मी काठमांडूत बसून काय करू?" माझा आवाज चढला तेव्हा बूथवाला बाहेर जाऊन उभा राहिला. "इथून ती जवळ आहे. मी इथूनच जाणार."

ते म्हणाले, "माझं पॉझिटिव्ह आहे. नाहीतर..." आणि मग, "वहिनींना सांभाळ."

बूथबाहेर यमुनाताई पिशवीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "चालत किती?"

तिवारींनी चहा मागवला आणि समजावलं. इंजिनाची गाडी चालत नाही, पण सायकल चालते, सायकल-रिक्षा चालते. अँब्युलन्स सोडतात. गोऱ्या पाहुण्यांसाठी एखादी मोठी बस पोलिसांच्या गाडीमागून जाते, तीही सोडतात. "पण तुम्हाला त्यात कोण घेणार? तुम्ही परदेशी दिसत नाही."

"आमी परदेशीच हाव ना तिकडं?" यमुनाताई म्हणाल्या. तिवारी हसले, मलाही हसू आलं. बूथमध्ये शिरल्यापासून पहिल्यांदाच.

बुटवल हे डोंगराच्या पायथ्याचं शहर. तिथपर्यंत सपाट मुलूख. तिथवर रिक्षा. पुढचा चढ कसा चढायचा ते बुटवलला ठरवू, असं मी मनाशी पक्कं केलं.

भैरहवा ते बुटवल

सकाळी कमानीखालून चालत पलीकडे गेलो. शिपायानं माझं मतदार ओळखपत्र उलटसुलट करून परत दिलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे. यमुनाताईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाव तास गेला का आपला? येताना परत देतील ना?"

रामलखन नावाचा, चाळिशीचा रिक्षावाला बुटवलपर्यंत यायला तयार झाला. वाटेत कुठे अडवलं तर तिथूनच परत, ही त्याची अट. दोघी आणि सामान बघून त्यानं एक सुस्कारा सोडला आणि पिशव्या रचायला घेतल्या.

हमरस्ता इतका रिकामा मी जन्मात पाहिला नव्हता. हद्दीपलीकडचं भैरहवा गाव सुटल्यावर दोन्ही बाजूंना कापणीला आलेला, कापून पडलेला भात. गाड्या नाहीत म्हणून लोकांनी डांबरी रस्त्यावरच भात वाळत घातला होता. पोरं रस्त्याच्या मधोमध क्रिकेट खेळत होती, रिक्षा आली की स्टंप उचलून बाजूला व्हायची. दारांवर सणाच्या झेंडूच्या माळा अजून होत्या. दिवाळीला ते तिहार म्हणतात. कावळ्याला, कुत्र्याला, गाईला एकेक दिवस देतात. कुत्र्याच्या गळ्यात सुकलेली माळ मी पहिल्यांदाच पाहिली.

यमुनाताई एका ठिकाणी रिक्षा थांबवायला लावून उतरल्या, रस्त्यावरचा भात मुठीत घेतला, दोन दाणे दाताखाली धरले. भात पसरणारी बाई बघत राहिली. यमुनाताईंनी मान हलवून 'चांगला वाळलाय' असं हातानं सांगितलं. ती बाई खूश होऊन आत गेली आणि तिनं भांडंभर मोही आणून दिली. मोही म्हणजे ताक. आपल्यासारखंच, फक्त जिरं नाही.

पुढे रिक्षाची साखळी तुटली. रामलखन ती जोडत बसला तेव्हा मी रस्त्यावर फेऱ्या मारत होते. त्याला दोनदा विचारलं, किती वेळ. तिसऱ्यांदा विचारणार तर यमुनाताईंनी माझा दंड धरून मला झाडाखाली बसवलं. "तुझं रगत आटवू नको. पोरीला द्यायचं हाय ते. पानी पी."

मी पाणी प्यायले. लाडू खाल्ला. त्यांनी दिला म्हणून दुसराही खाल्ला. मग उत्तरेकडे नजर गेली. धुरकट निळ्या डोंगरांच्या वर, आकाशात जिथे काही असायला नको तिथे, पांढरी रेघ दिसत होती. आधी मला तो ढग वाटला. रामलखन मान वर न करता म्हणाला, "हिमाल है."

बुटवलच्या अलीकडे रस्ता चढू लागला. आम्ही उतरून मागून रिक्षा ढकलली. शहरात शिरताना लष्कराची चौकी लागली. वाळूच्या पोत्यांमागे बंदूक. जवानानं बॅग उघडायला लावली, बोंबलाची पिशवी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. "सिद्रा?" त्यानं विचारलं. त्यांच्याकडेही सुकी मासळी असते, बोटाएवढी, तिला सिद्रा म्हणतात. "याचा बाप," यमुनाताई म्हणाल्या. त्याला कळलं असावं, कारण तो हसला.

बुटवलला एका बाईनं चालवलेल्या लहान लॉजवर उतरलो. त्यांना सगळे दिदी म्हणत. अंधार पडला की संचारबंदी, त्यामुळे त्यांनी उजेडातच जेवायला वाढलं. भात, डाळ, मोहरीच्या तेलातली भाजी आणि गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं सार. आंबट, थोडं कडवट. मला आवडलं. यमुनाताईंनी दिदींच्या चुलीवर चार बोंबील भाजले आणि दिदींना दिले. त्या दोघींची एकमेकींची भाषा एकीलाही येत नव्हती, पण चुलीशी बसून दोघी बोलत राहिल्या.

मी पुन्हा फोन केला. प्रकाश म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत वाट बघतो म्हणाले डॉक्टर. त्यानंतर नाही थांबता येणार. रक्त असो-नसो."

बुटवल ते तानसेन

सकाळी दिदींनी बातमी आणली. तानसेनकडून एक अँब्युलन्स रुग्ण घेऊन बुटवलला आलीय, आता रिकामी परत चाललीय. आम्ही सामानासकट धावलो. इस्पितळाच्या फाटकापाशी ड्रायव्हर काच पुसत होता. त्याचं नाव हरी. त्याला हिंदी चांगलं येत होतं, काही वर्षं दिल्लीत काढलेली.

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. आईला तिकडे आमा म्हणतात. "नाही, आमा. रुग्ण नसताना माणसं नेली तर वाटेवर कळतं. पुढच्या वेळी रुग्ण असला तरी माझी गाडी अडवतील. मी नेऊ शकत नाही."

यमुनाताई मला म्हणाल्या, "त्याला सांग, मी आजारी पडते. आत्ता पडते. झोपते आत."

मनात आलं, करावं. पण हरी म्हणत होता ते खोटं नव्हतं. ती गाडी सुटायची ती लोकांचा तिच्यावर विश्वास होता म्हणून. आम्ही फसवून गेलो असतो तर पुढची कुणाची तरी स्वाती रस्त्यावर अडकली असती. मी नको म्हटलं.

"तुम्ही रक्त नेता का?" मी हरीला विचारलं.

"नेतो की. बाटल्या असतात. खोक्यातून."

"मग मला न्या. तानसेनच्या इस्पितळात एका बाळंतिणीला निगेटिव्ह रक्त हवंय. तिथे ते कुणाकडेच नाही. ते मी घेऊन चाललेय. बाटलीत नाही, एवढंच."

हरीनं फडकं खिडकीत टाकलं आणि समोरच्या दुकानातून तानसेनच्या इस्पितळाला फोन लावला. बराच वेळ बोलला. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी होते. परत येऊन त्यानं मागचं दार उघडलं.

"बसा. ते म्हणाले, लवकर आण."

बुटवल संपलं तसा रस्ता तिनाऊ नदीच्या घळीत शिरला. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली हिरवट पाणी. वळणामागून वळण. वर उतारावर पायऱ्यांसारखी शेतं, एकेक पायरी आपल्या अंगणाएवढी. यमुनाताईंनी डोळे मिटून घेतले होते. अधूनमधून एक डोळा उघडून शेतं बघायच्या आणि पुन्हा मिटायच्या.

बराच चढ झाल्यावर एका वळणावर रस्त्यात झाड आडवं टाकलेलं दिसलं. त्यामागे दगड. दगडांवर काही तरुण मुलं-मुली बसलेली. हरीनं गाडी थांबवली आणि आम्हाला म्हणाला, "खरं तेच बोला. हळू बोला."

पुढे आली ती एक मुलगी. विशी-बाविशीची, केस घट्ट बांधलेले, हातात काठी, पायात कापडी बूट. तिनं मागचं दार उघडून आत पाहिलं. झोपलेला कुणी नाही हे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. हरी नेपाळीत सांगू लागला तर तिनं त्याला थांबवलं आणि मला खूण केली. तूच सांग.

मी हिंदीत सुरुवात केली. "खून... मैं खून देने जा रही हूँ..."

"खून?" ती एक पाऊल मागे सरकली. दगडांवरची मुलं उठली. हरी घाईघाईनं म्हणाला, "आमा, तो शब्द नको. आमच्याकडे खून म्हणजे जीव घेणं."

दुसरा कुठला शब्द वापरावा सुचेना. तेवढ्यात यमुनाताई गाडीतून खाली उतरल्या आणि थेट त्या मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"रगत!" त्या म्हणाल्या. माझ्या दंडावर बोट ठेवलं, मग वर डोंगराकडे दाखवलं, मग पोटावरून हात फिरवून मोठं पोट दाखवलं. "पोर हाय तिची वरती. बालंतीन. तिला रगत द्यायला चालली. रगत!"

मुलीचा चेहरा बदलला. "ए, रगत!" ती म्हणाली. आणि मागे वळून बाकीच्यांना, "रगत दिन जाने रे।"

नेपाळीतही रगतच म्हणतात. आमच्या शाळेत मुलं 'रगत' म्हणाली की मी फळ्यावर 'रक्त' लिहून दाखवते. त्या वळणावर मला असं वाटलं की कुणीतरी अंधारात दिवा लावलाय.

मुलांनी झाड ओढायला घेतलं. पण मुलगी दारात तशीच उभी होती. तिनं आधी माझ्याकडे, मग यमुनाताईंकडे काठी केली आणि काहीतरी विचारलं. हरीनं मान खाली घालून सांगितलं, "म्हणते, रगत एकीचं. मग दुसरी कशाला?"

मी काही बोलायच्या आत यमुनाताईंनी गाडीतून बोंबलाची पिशवी आणि आपलं गाठोडं बाहेर ओढलं.

"बरोबर बोलते ती," त्या म्हणाल्या. "तू जा."

"यमुनाताई, मी तुम्हाला इथे सोडून..."

"सोडून कुठं? रस्ता एकच हाय ना वर जानारा? मी येते चालत. बाया चालल्यात बघ."

खरंच, रस्त्याच्या कडेनं पाठीवर डोको घेतलेल्या तीन-चार बाया चढत होत्या. डोको म्हणजे उभी टोपली, कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर लटकवायची. त्या मुलीनं बायांना हाक मारून काही सांगितलं. एकीनं यमुनाताईंचं गाठोडं न विचारता आपल्या टोपलीत टाकलं.

"जा म्हनते ना!" यमुनाताई ओरडल्या. त्यांनी स्वतःच दार लावलं. हरीनं गाडी काढली. मागच्या काचेतून त्या दिसत होत्या तोवर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. साडी खोचत होत्या.

तानसेन

इस्पितळ उतारावर आहे. प्रकाश फाटकातच उभा होता, दाढी वाढलेला. त्यानं वाकून नमस्कार केला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आम्ही आत धावलो. स्वातीला मला लांबूनच दाखवलं. चेहरा सुजलेला, डोळे अर्धवट. "आई, आलीस?" म्हणाली, जसं काही मी शाळेतून आले होते. आणि लगेच, "काकी?"

"येतेय. मागून येतेय," मी म्हटलं.

परिचारिकेनं माझं रक्त तपासलं, दाब तपासला, वजन केलं. दोन दिवस काय खाल्लं ते विचारलं. मी लाडू सांगितले. ती हसली आणि आधी पेलाभर गोड पाणी पाजलं. मग मला खाटेवर आडवं केलं. सुई टोचली. छताला पाण्याचा एक जुना डाग होता, त्याच्याकडे बघत मी मूठ उघडत-मिटत राहिले. एका दारापलीकडे स्वाती, आणि डोंगराच्या कुठल्यातरी वळणावर यमुनाताई. त्यांना साखरेचा त्रास आहे हे मला आत्ता आठवत होतं. गोळ्या कुठल्या पिशवीत होत्या?

ऑपरेशन झालं. रक्त लागलं, माझं काढलेलं सगळं लागलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा थकलेला होता, पण त्या हसत होत्या. मुलगी. लहान आहे, पण रडली. स्वातीही बरी आहे. प्रकाश भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे वडील, पाल्पाची रंगीत विणीची ढाका टोपी घातलेले सडपातळ गृहस्थ, माझ्याजवळ आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

ऊन डोंगराच्या टोकावर गेलं तरी यमुनाताई आल्या नाहीत. संचारबंदीला थोडाच वेळ उरला होता. उठून चालू नका असं परिचारिकेनं सांगितलं होतं, तरी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. रस्त्यानं शेवटचे लोक घाईघाईनं घरी चालले होते. आणि मग खालच्या वळणावरून त्या बाया दिसल्या. मधोमध यमुनाताई, हातात चपला, कपाळावरून पट्टा घेतलेला आणि पाठीवर डोको. एका बाईचं ओझं त्यांनीच घेतलं होतं.

"अर्ध्या वाटेत तिचा पाय मुरगळला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पोर कशी हाय?"

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी डोको उतरवला, फाटकातच खाली बसल्या आणि मग पहिल्यांदाच रडल्या. त्या डोकोवाल्या बायाही त्यांच्याभोवती बसल्या. कुणी पाठ चोळली, कुणी पाणी दिलं. त्यांची गावं अजून पुढे होती आणि उजेड संपत होता, तरी बाळ झालं हे नीट कळेपर्यंत एकही उठली नाही.

पुढचे दिवस मी लिहीत बसले तर संपायचे नाहीत. प्रकाशच्या घरी खिडकीतून हिमाल दिसायचा आणि यमुनाताई त्याच्याकडे पाठ करून बाळाला न्हाऊ घालायच्या. आम्ही ओवा घेऊन गेलो होतो. तिथल्या शेजारणी बाळंतिणीला ओव्याचंच सार देतात, ज्वानोको झोल म्हणतात. आम्ही खोबरेल तेल काढलं, त्यांनी मोहरीचं. बराच वाद होऊन सकाळी एक, संध्याकाळी एक असं ठरलं. सहाव्या दिवशी आपल्याकडे सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते. त्यांच्याकडेही सहाव्यालाच कुणीतरी येतं लिहायला. त्याला ते भावी म्हणतात. नाव मात्र अकराव्याला ठेवतात. यमुनाताईंना बाराव्याचं बारसं हवं होतं, म्हणून दोन्ही दिवशी गोड झालं. नाव एकच ठेवलं, तारा. सुकेळी प्रकाशच्या वडिलांनी एकट्यानं संपवली.

मधे केव्हातरी बंद उठला. खालच्या रस्त्यावर पहिल्या बसचा भोंगा वाजला तेव्हा गल्लीतले लोक गच्चीवर येऊन बघत होते.

माझी रजा संपत आली. यमुनाताई थंडी संपेपर्यंत तिथेच राहणार होत्या. निघायच्या सकाळी स्वातीनं मला दारात पाटावर बसवलं. तिचे टाके अजून दुखत होते, तरी तिनं कुणाला मदत करू दिली नाही. दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून तिनं माझ्या कपाळावर टिळा लावला. लांबच्या वाटेला निघालेल्याला तिथे असाच टिळा लावतात. आपण हातावर दही देतो तेही तिनं दिलं. डोक्यावर हात ठेवून सासरच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. तिचं लग्न कचेरीत झालं होतं, सह्या करून. त्या दिवशी मी तिला आशीर्वाद दिला, पण पाठवणी अशी झालीच नव्हती, कारण त्याच संध्याकाळी दोघं स्टेशनवर गेली आणि मला गर्दीत नीट दिसलीही नाहीत. आज मी पाटावर बसले होते आणि ती उभी होती. तिच्या घरातून ती मला पाठवत होती.

"जा आता, आई," ती म्हणाली. "बस चुकेल."

बुटवलच्या चौकीवर बसमधल्या सगळ्यांना उतरवलं. लष्कराच्या चौकीसमोरून प्रवाशांनी चालत जायचं आणि बस पलीकडे पकडायची, असा तिथला नियम होता. मी बॅग घेऊन रांगेत चालत होते. कपाळावरचे तांदूळ सुकून एकेक गळत होते. जवानानं मला थांबवलं आणि कपाळाकडे बघून हिंदीत विचारलं, "कहाँ से आ रही हैं, माँजी?"

"बेटी के घर से," मी म्हटलं.

त्यानं बॅग उघडली नाही. हातानंच वाट दाखवली.